कांजिण्या म्हणायचं

"कांजिण्या म्हणायचं. एवढंच. दुसरं काही बोलायची गरजच नाही, आजी."

अनाथाश्रमाच्या संचालक ख्वांग बाई हे पुन्हा म्हणाल्या, तेव्हा चुन्श्यांगने हातातला कोयता खाली ठेवला. ती दारात बुटक्या स्टुलावर बसून बांबूचे कोंब सोलत होती. सालींचा ढीग पायाशी साचला होता आणि त्याच्या पलीकडे बाईंनी आणलेली दुधाची पेटी आणि सफरचंदांची पिशवी तशीच पडून होती. चुन्श्यांगने त्यांना बोटसुद्धा लावले नव्हते. मी शेजारचा. तिचा वाडगा परत द्यायला आलो होतो आणि नेमका मध्ये सापडलो होतो. अशा वेळी उठून कसे जायचे, हे सत्तरी उलटली तरी मला जमलेले नाही.

"आणि कांजिण्या नव्हत्याच, तर?" चुन्श्यांगने विचारले.

"वीस वर्षं झाली. आता कोण तपासायला येतंय?"

"ती येतेय की. पोट तिचंच आहे."

ख्वांग बाई हसल्या. "आजी, तुम्ही भारी विनोदी आहात हं."

"माझ्या नवऱ्यालाही तसंच वाटायचं. हसत हसत गेला बिचारा."

बाईंचे हसू ओसरले. त्या वाईट नाहीत. चाळिशीच्या आहेत, कामाला वाघ आहेत, रस्त्यात भेटल्या की मला थांबून नमस्कार करतात. पण त्या दिवशी त्यांचा चेहरा मला बघवेना. खोटे बोलायला सांगणारा माणूस चिडलेला असला तर एक वेळ चालते. त्या अगदी शांत होत्या.

"हे बघा, तो जुना खुलासा मी लिहिला नाही. माझ्या आधीच्यांनी लिहिला. ते आता तळ्यावर मासे पकडत बसतात. पण आश्रमानं एकदा कांजिण्या म्हटलं की कांजिण्या. गेल्या वर्षी सरकारनं परदेशात मुलं देणंच बंद केलं. आमच्या खोल्या ओस पडल्यात. तिथं म्हाताऱ्यांची सोय करायला आत्ता कुठं वरून होकार आलाय. अशात त्या पोरीनं इंटरनेटवर काहीबाही लिहिलं तर?"

"आणि मी नाही म्हटलं?"

"तर लेई चुन्श्यांग बाई मुलाकडे शेनझेनला राहायला गेल्या, असं मला सांगावं लागेल. तिची परतीची गाडी परवाची आहे." बाई उठल्या, पँटला चिकटलेली कोंबाची साल झटकली आणि गल्लीतून निघून गेल्या.

ती पोरगी म्हणजे मान्मेई. आमच्या बोलीत मान्मेई म्हणजे शेंडेफळ. चुन्श्यांगनेच ते नाव ठेवले होते. आश्रमाने तिला फू असे आडनाव दिले होते, त्या काळात आलेल्या सगळ्याच मुलींना देत तसे. तेव्हा आश्रमात पाळणे कमी आणि मुली जास्त, अशी गत होती. म्हणून काही तान्ह्या मुली गावातल्या बायकांकडे सांभाळायला देत. आमच्या गल्लीच्या तोंडाशी भिंतीवर लिहिलेले असे, एकच मूल पुरे. आज त्याच भिंतीवर तीन मुलांचे हसरे कुटुंब रंगवले आहे. रंगारीसुद्धा तोच, असे म्हणतात. मी रोज तिथून जातो. रोज राग येतो, आणि कुणावर काढावा हे न कळून मी मान खाली घालून पुढे जातो.

मान्मेई आली त्याच हिवाळ्यात तिला झटके आले. डोळे फिरले, ओठ निळे पडले. चुन्श्यांग तिला छातीशी धरून आश्रमात धावली. तिथला डॉक्टर जेवत होता. त्याने जेवणाच्या काठ्यांनी वाटीतला भात उचलता उचलता सांगितले, "ही काही टिकायची नाही. ठेवून जा आणि दुसरी घेऊन जा." जणू भांड्याला पोचा पडला होता. चुन्श्यांग त्याच्या उंबऱ्यावर थुंकली आणि तशीच नदीपलीकडच्या दिवावालीकडे गेली.

आमच्या भागात तान्ह्या मुलाला झटके आले की दिव्याचे डाग देतात. लव्हाळ्याच्या गाभ्याची वात तेलात बुडवायची, पेटवायची आणि बेंबीभोवती, कपाळावर, हनुवटीखाली क्षणभर टेकवायची. टप्प असा आवाज येतो. मूल जिवाच्या आकांताने ओरडते, म्हणून कुणीतरी हातपाय धरावे लागतात. ते चुन्श्यांगने धरले. मूल वाचले. दिव्याने वाचले की आपोआप, मला सांगता येणार नाही. मी सगळा जन्म गावच्या ग्रंथालयात काढला. तिथल्या एका पुस्तकात लिहिले होते की याने गुण येतो, आणि दुसऱ्यात लिहिले होते की हा अघोरी प्रकार आहे. दोन्ही पुस्तके मी एकाच कपाटात लावून ठेवली होती.

मान्मेई तीन वर्षांची व्हायच्या आत एका सकाळी आश्रमाची गाडी आली. लस टोचायची आहे, म्हणाले. चुन्श्यांगने पोरीच्या हातात भाजलेले रताळे दिले आणि खिडकीतून बजावले, "जेवणाच्या आत आणा हं." त्यानंतर पोरगी तिला दिसली नाही. महिन्याभराने कुणीतरी सांगितले की ती हॉलंड नावाच्या देशात गेली.

तिकडच्या आईने पहिल्याच अंघोळीला पोटावरचे गोल व्रण पाहिले. त्यांचा डॉक्टर म्हणाला, सिगारेटचे चटके आहेत. आईने आश्रमाला विचारले आणि आश्रमाने कळवले, कांजिण्या. आता भाजल्याचा व्रण कोणता आणि कांजिण्यांचा कोणता, हे तिथल्या डॉक्टरला कळत नाही की काय? म्हणजे हे लोक खोटे बोलतात, आणि खोटे बोलतात त्या अर्थी काहीतरी भयंकर घडले आहे, असे त्या बाईने ठरवले. मी तिच्या जागी असतो तर मीही तेच ठरवले असते. पोरगी तेच ऐकत वाढली. शेवटी तिने मँडरिन, म्हणजे चीनची सरकारी भाषा, शिकून आश्रमाला लिहिले की मला सांभाळणाऱ्या बाईला भेटायचे आहे. हे सगळे आम्हाला ख्वांग बाईंकडूनच कळले होते.

बाई गेल्यावर गल्लीत कुणी नव्हते. मी वाडगा हातात धरून उभा होतो. काहीतरी बोलावे म्हणून बोललो, "म्हणून टाक ना. एक शब्द तर आहे. निदान भेट तरी होईल."

चुन्श्यांगने माझ्याकडे असे पाहिले की वाडगा हातातून सुटतो की काय असे वाटले.

"गुरुजी, तिला आयुष्यभर वाटतंय की कुणीतरी गंमत म्हणून तिच्या पोटावर सिगारेट विझवली. ते कोणीतरी मी आहे. आणि मी तिच्यासमोर बसून कांजिण्या म्हणू?"

"पण नाही म्हटलंस तर ती भेटणारच नाही."

"वाडगा ठेवा आणि घरी जा. पुस्तकांत बसा. तिथं कुणी तुम्हाला मत विचारत नाही."

मी गेलो. पण संध्याकाळी भिंतीपलीकडून तिचा आवाज आला. "बाईंना हो कळवलंय. उद्या माझ्याबरोबर चला. आपलं एक शिकलेलं माणूस असू दे. बोलू नका. नुसतं बसा. ते तुम्हाला चांगलं जमतं."

आश्रमाच्या बैठकीच्या खोलीत संत्री होती, शेंगदाणे होते, आणि भिंतीवर 'घरी आलीस, स्वागत' अशी लाल पट्टी होती. तिची एक बाजू सुटून लोंबत होती. ती पोरगी खिडकीशी बसली होती. तिकडे तिचे नाव मारिट. आखूड केस, जाड तळाचे बूट, दोन्ही हात जॅकेटच्या खिशात. आम्ही आत आलो तशी ती उठली, पण पुढे आली नाही.

चुन्श्यांग दारातच थांबली. तिने मान वर करून पोरीला पाहिले. "केवढी झालीय! घोड्याएवढी."

"आजी म्हणतात, तुला पाहून फार आनंद झाला," ख्वांग बाईंनी मँडरिनमध्ये सांगितले. दोघींमध्ये दुभाषी म्हणून त्याच बसल्या होत्या. आमची बोली बाहेरच्या माणसाला एक अक्षर कळत नाही.

मारिट बातम्या वाचणाऱ्या बाईसारखे शुद्ध बोलत होती. "मी आनंदासाठी आले नाही. मला विचारायचंय. माझ्या पोटावर चटके कुणी दिले?"

बाई चुन्श्यांगकडे वळल्या आणि बोलीत म्हणाल्या, "ती विचारतेय, लहानपणी तिला कोणकोणते आजार झाले."

इथे बाईंची चूक झाली. नव्या पिढीच्या शिकलेल्या माणसांची नेहमीच होते. म्हातारीला मँडरिन बोलता येत नाही म्हणजे समजतही नाही, असे त्यांनी धरले होते. चुन्श्यांग रोज जेवणानंतर टीव्हीवर राजवाड्याच्या मालिका बघते. कोणत्या राणीने कोणत्या राणीच्या सूपमध्ये विष घातले आणि वर काय गोड बोलली, ते तिला तोंडपाठ असते.

"मी दिले," चुन्श्यांग म्हणाली. "वात दिवावालीची, हात माझे. मी हिला धरलं होतं. हे सांग तिला."

बाईंनी एक घोट चहा घेतला. "आजी म्हणतात, तुला कांजिण्या झाल्या होत्या."

चुन्श्यांगने टेबलावर हात आपटला. संत्री गडगडत खाली गेली. "खोटं! माझ्या तोंडावर खोटं सांगतेय ही! कांजिण्या हा शब्द मला कळत नाही का गं? गुरुजी, तुम्ही सांगा तिला."

"मी नुसता बसायला आलो होतो," मी म्हणालो.

"बसून झालं. आता उठा."

"गुरुजी," ख्वांग बाई हळूच म्हणाल्या, "तुमचं वय झालंय. कशाला यात पडता? बसा."

त्यांचा तो मऊ आवाज ऐकून माझ्या कानशिलांपर्यंत रक्त चढले. असाच मऊ आवाज मी जन्मभर ऐकला, आणि प्रत्येक वेळी बसलो. मी उठलो. माझी मँडरिन पुस्तकातली, घशात कधी न उतरलेली. शब्द अडखळत होते. मी म्हणालो, "या म्हणतात, कांजिण्या नव्हत्या. तुला डाग दिले. यांनीच धरून ठेवलं होतं."

मारिटचा चेहरा दगडासारखा झाला. "सिगारेटनं?"

"नाही. दिव्याच्या वातीनं. तुला झटके आले होते. औषध म्हणून."

"औषध?" तिने तो शब्द असा उच्चारला की मला स्वतःलाच खोटारडे वाटू लागले. वातीला मँडरिनमध्ये काय म्हणतात ते आठवेना. मग मी कपाळावरचे केस मागे सारले आणि तिच्यासमोर वाकलो. केसांच्या रेषेखाली माझाही डाग आहे, तांदळाच्या दाण्याएवढा. परक्या मुलीसमोर असे वाकताना माझी मला लाज वाटत होती. ती जवळ आली, बराच वेळ पाहत राहिली. मग जॅकेटची कड उचलून आपल्या बेंबीजवळ बोट ठेवले, आणि पुन्हा माझ्या कपाळाकडे पाहिले.

"तुम्हाला कुणी दिला?"

"माझ्या आजीनं. या गावात अर्ध्या म्हाताऱ्यांना असतो."

मला वाटले, आता ती निवळेल. पण ती पेटली. "म्हणजे सिगारेट नव्हतीच? मी पोहायला गेले नाही कधी. उन्हाळ्यात सगळ्या मुली पाण्यात, आणि मी काठावर पूर्ण कपड्यांत. आई मला मानसोपचार करणाऱ्या बायांकडे न्यायची, त्या विचारायच्या, त्या माणसाचा चेहरा आठवतो का? नसलेल्या माणसाचा चेहरा आठवायचा मी प्रयत्न करायचे!" ती ख्वांग बाईंकडे वळली. "कांजिण्या का सांगितलं?"

"ते माझ्या आधीचे संचालक..."

"आत्ता कोण बोललं? दोन मिनिटांपूर्वी?"

बाई खाली वाकून संत्री गोळा करू लागल्या.

"आता दुसरं विचार," चुन्श्यांग ओरडली. "मी तुला का देऊन टाकलं, ते विचार! विचार ना!" मी सांगितले. मारिटने दात आवळून विचारले, "का दिलंत?"

"दिलं नाही! लस टोचायला नेतो म्हणाले. मी भात झाकून ठेवला. मग फाटकाशी येऊन बोंब मारली, तर चौकीदार काय म्हणतो, बाई, रडू नका, दुसरी मिळेल. दुसरी! मी काय कोंबडी मागत होते?"

मी एकेक वाक्य मँडरिनमध्ये सांगत गेलो. कुठे चुकलो असेन, पण काही गाळले नाही. कोंबडीसुद्धा सांगितली. पुढचेही सगळे मीच सांगत राहिलो.

मारिटने फोन काढला, नंबर लावला आणि टेबलावर ठेवला. तिकडे सकाळ होती. मागे भांड्यांचा आवाज येत होता. तिची आई, आन्नेके, बोलू लागली. मारिटने तिला त्यांच्या भाषेत सगळे सांगितले. मध्येच 'कांजिण्या' हा शब्द तिने मुद्दाम मँडरिनमध्ये म्हटला, बाईंकडे पाहत. तिकडची बाई झपाट्याने काहीतरी म्हणाली.

"आई म्हणतेय," मारिटने चुन्श्यांगकडे न पाहता सांगितले, "तिनं तुम्हाला वीस वर्षं शिव्या दिल्या. मी लहान होते तेव्हा तर रोज, मला अंघोळ घालताना."

"तिला सांग, मीही दिल्या. तिच्याहून जास्त. आमच्या बोलीत शिव्या भरपूर आहेत."

मारिटच्या नाकातून फुस्सकन काहीतरी निघाले. ते हसू होते की नाही, कळले नाही. तिने ते आईला सांगितले. तिकडूनही तसाच आवाज आला. मग चुन्श्यांग फोनवर वाकली आणि जणू नदीपलीकडे हाक मारावी तशी ओरडून बोलू लागली. "हिला ताप चढू देत नाही ना तुम्ही? तापातच झटके आले होते हिला, पुन्हा येऊ नयेत. ओलं फडकं ठेवायचं, कुशीवर निजवायचं. लशीनं ताप चढतो म्हणून गाडीतल्या बाईला मी सांगितलं होतं. डॉक्टरलाही सांगितलं होतं. कळवलं होतं ना त्यांनी तुम्हाला?"

मी मारिटला सांगितले. तिने ते पुढे सांगितले नाही. ती चुन्श्यांगकडे पाहतच राहिली. "तुम्ही यांना सांगितलं होतं?"

"गाडीच्या काचेवर हात मारून मारून सांगितलं."

मारिट फोनकडे वळली. या वेळी तिकडची बाई बराच वेळ बोलली. तिचा आवाज चढत गेला आणि मध्येच फाटला. मारिटने तुटक तुटक सांगितले. "मला नेऊन थोडेच दिवस झाले होते. दुकानात, भाजीच्या रांगेत मला झटका आला. आईला काहीच माहीत नव्हतं. कागदावर लिहिलं होतं, पूर्ण निरोगी. तिला वाटलं, मी तिच्या हातात मरतेय. तिला वाटलं, तिनंच काहीतरी चुकीचं खायला घातलं." ती थांबली. "अजून येतात. मी अजून रोज गोळी घेते."

चुन्श्यांग खुर्चीवर बसली.

"अजून? म्हणजे दिव्यानं गेले नव्हते?"

"नाही."

"कमी तरी झाले असतील."

मारिटने तिच्याकडे पाहिले. मला वाटले, ती आता खोटे बोलेल, म्हातारीचे मन राखायला. "मला नाही वाटत," ती म्हणाली.

"मग मी उगाच धरलं तुला." चुन्श्यांगने आपले दोन्ही तळवे मांडीवर उलटे ठेवले. "केवढी ओरडत होतीस. माझ्या मनगटाला चावलीस. दात नव्हते तरी."

हे सांगताना माझी मँडरिन अगदीच मोडली. मारिटने ऐकले. "हो," ती म्हणाली. "उगाच."

चुन्श्यांगने मान हलवली. मग हळूहळू ती ख्वांग बाईंकडे वळली, आणि मी तिला इतक्या वर्षांत कधी इतक्या खालच्या आवाजात बोलताना ऐकले नव्हते. "एक वाक्य होतं. ताप चढू देऊ नका. मोठं होतं का? जड होतं? विमानात मावलं नसतं? निरोगी लिहिलं, कारण निरोगी पोरगी पटकन जाते. ती दुसऱ्या देशातली बाई दुकानात पोर मांडीवर घेऊन रडत बसली, आणि तुम्ही तिला काय कळवलंत? कांजिण्या!"

"आजी, मी तेव्हा इथं नव्हते. मी शाळेत शिकत होते हो," ख्वांग बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही.

"आज होतीस. आज तू काय सांगितलंस?"

हातातली दोन संत्री कुठे ठेवावीत ते बाईंना सुचत नव्हते. मारिट त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "कागदावर निरोगी कुणी लिहिलं, ते नाव मला हवंय. आणि कांजिण्या कुणी लिहिलं, तेही. मासे पकडत असतील तर तळ्यावर जाईन मी."

"तळं मला माहीत आहे," मी म्हणालो. कुणी विचारले नव्हते. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि मी पुन्हा केस कपाळावर ओढले.

फोनमधून आवाज आला. मारिट ऐकत होती. "आई विचारतेय, उद्या परत बोलाल का? तिचं बोलून संपलेलं नाही."

"माझं कुठं संपलंय? पण इथं नाही. माझ्या घरी. या खोलीत पुन्हा पाय ठेवणार नाही मी." चुन्श्यांग उठली, लोंबणारी लाल पट्टी तिने हाताने बाजूला सारली आणि दारात थांबली. "तुझी उद्याची गाडी आहे ना गं?"

"जाऊ दे गाडी," मारिट म्हणाली. तिचे हात पुन्हा खिशात गेले होते. "पण मी अजून रागावलेय. तुमच्यावरसुद्धा. तुम्ही मला डाग दिलेत."

"दिले," चुन्श्यांग म्हणाली. "दिसतंय मला, रागावलीस ते. तशीच ये."